सबनीसकाकांच्या चार टिकल्या

लिहिण्याचा मला अधिकार नाही, हे आधीच कबूल करतो. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच, आणि उत्तरपत्रिकेबाहेर आजवर फारसं काही लिहिलेलं नाही. पण सबनीसकाकांबद्दल कोणीतरी लिहायलाच हवं, कारण ते स्वतः कोणाला घरात घेत नाहीत.

कर्वेनगरात माझ्या खोलीसमोर त्यांचा फ्लॅट. दोन वर्षांत आलेल्या कोणासाठीही त्यांचं दार मी चार बोटांपेक्षा जास्त उघडलेलं पाहिलं नव्हतं. साखळी लावलेली, फटीत एक डोळा. पेपर, दूध, औषधं, सगळं फटीतून आत. मोठं खोकं घेऊन आलेल्या माणसाला ते म्हणाले होते, "इथेच फोडा आणि एकेक वस्तू द्या. दार सताड उघडायला हे काय नाट्यगृह आहे?"

याचं मूळ त्यांच्या पोटात आहे. चार वर्षांपूर्वी त्यांचं पित्ताशय दुर्बिणीतून काढलं. पोटाला चार बारीक छिद्रं, एकातून कॅमेरा, बाकीच्यांतून अवजारं, आणि खड्यांनी भरलेलं पित्ताशय बेंबीपाशी बाहेर. तेव्हापासून जगातलं प्रत्येक काम छिद्रातूनच व्हावं, असं त्यांचं मत झालं. ऑपरेशनचा व्हिडिओ ते फटीत मोबाइल धरून दाखवतात. मी तो सात वेळा पाहिलाय. एकदा हातात जेवणाचा डबा असताना.

परीक्षेच्या सकाळी माझं ओळखपत्र कपाटामागे पडलं. काका वायरच्या टोकाला बसवलेला कॅमेरा आणि दोन विणायच्या सुया घेऊन आले आणि जमिनीवर पालथे झाले.

"काका, कपाट सरकवू का? दोन मिनिटांचं काम आहे."

"आडदांडपणा कोणालाही जमतो, अहो."

ओळखपत्र निघालं तेव्हा पेपर सुरू होऊन अर्धा तास झाला होता. काकांनी सुया रुमालात गुंडाळून नेल्या. त्या कोणाच्या, हे विचारायचं मला सुचलं नाही.

मग गावाहून, यवतमाळकडून, बाबांचा फोन आला. आईच्याही पित्ताशयात खडे झाले होते, आणि थांबणं धोक्याचं होतं. आई अडून बसली, "मले पोट फाडून नाही घ्यायचं."

मी माझ्या दारातच स्पीकर लावून बोलत होतो; फटीतून काकांनी ते ऐकलं. "व्हिडिओ कॉल लावा," म्हणाले. मी लावला. त्यांनी सरळ सदरा वर केला. "ताई, मोजा. चार खुणा. टिकलीएवढ्या!"

आईनं पदर तोंडाला लावला. "त्यायले सदरा खाली कराले सांग बापा. घेतो मी करून."

ऑपरेशनच्या दिवशी माझी प्रॅक्टिकल होती. खोलीवर पोचतोय तोच बाबांचा फोन, "आत सगळं चिकटलंय. दुर्बिणीनं होत नाही म्हणतात. पोट उघडाले घेतलं."

मी समोरच्या फटीशी जाऊन ते सांगितलं. डोळा दिसेनासा झाला. साखळी खळखळली आणि दार पूर्ण उघडलं.

"आत या."

आत भिंतीवर एका बाईंचा फोटो होता. खाली खुर्चीवर अर्धवट विणलेला स्वेटर, त्यात त्या दोन सुया.

"हिचं पोट उघडलं होतं," काका म्हणाले. "घाबरत होती. काही होत नाही म्हणून मीच पाठवलं. परत आली नाही." स्वेटर उचलून मला खुर्ची देत म्हणाले, "आणि तुमच्या आईलाही मीच."

आम्ही मोबाइल दोघांच्या मधोमध ठेवून बसलो. व्हिडिओचा विषय त्यांनी काढला नाही. दार तसंच उघडं होतं. जिन्यातून जाणारे डोकावत होते.

दिवेलागणीला फोन वाजला. मी स्पीकर लावला. बाबा म्हणाले, "शुद्धीवर आली. तुयाशीच बोलतो म्हणते."

आईचा आवाज अगदी बारीक होता.

"त्या काकाले सांगजो, चारही टिकल्या हायेत. एक रेघ वरून फुकट भेटली."