पप्पांनी भरलेली हवा

मंगळवारी सकाळी प्रीतीचा फोन आला, "पप्पा, कंप्रेसर बंद पडलाय, मेकॅनिक उचलत नाहीये. येता का?" आणि राजरत्न रणपिसे हो म्हणाले. एवढंच काय ते चुकलं.

कळव्याच्या कारखान्यात त्यांनी एकतीस वर्षं कंप्रेसरजवळ काढली होती. मुलगी मात्र बाळकुमला बिअर बनवायची. कोणी विचारलं तर ते 'फूड प्रोसेसिंग' म्हणायचे आणि घाईघाईने पाणीकपातीचा विषय काढायचे. (स्वतः त्यांची मजल आजवर लिंबू सोड्यापर्यंतच गेलेली.)

कंप्रेसरचा पट्टा सैल झाला होता. दहा मिनिटांत हवा सुरू झाली आणि टाक्यांचे व्हॉल्व्ह फटाफट उघडले.

"एवढी हवा कशाला लागते गं?"

"व्हॉल्व्हना लागते. शिवाय उकळून गार केलेल्या बार्लीच्या रसात सुरुवातीला थोडी सोडतो. यीस्टला श्वास नको का घ्यायला? पण नंतर..."

तेवढ्यात प्रीतीचा फोन वाजला आणि ती बाहेर गेली. 'नंतर'चं राहूनच गेलं.

राजरत्ननी टाक्यांवरचे काटे पाहिले. सगळीकडे एक किलो प्रेशर, तीन नंबरला जेमतेम अर्धा. पोरीचं लक्ष नाही, त्यांना वाटलं. त्यांनी नळी जोडली आणि काटा बरोबर एकवर आणला.

प्रीती परत आली आणि नळी बघून जागीच थांबली.

"पप्पा, यात हवा भरली?"

"थोडीशीच. अर्धा किलो."

ती खाली क्रेटवर बसली. "ही तयार बिअर आहे. हिला हवा लागली की भिजलेल्या पुठ्ठ्यासारखी चव येते. यात फक्त कार्बन डायऑक्साइड भरतात."

तीन नंबरमध्ये तिची कोकमाची बिअर होती. तिची स्वतःची पहिली. शनिवारी तिच्या नावाने लोकांपुढे येणार होती.

टाकीला लावलेली नळी बघून मालक अद्वय धावत आला. "कोणी केलं हे?"

"माझ्याकडून झालं," प्रीती म्हणाली.

राजरत्नना आठवेना, आपल्यासाठी असं शेवटचं कोण खोटं बोललं होतं.

"मी भरली," ते म्हणाले. "मी हिचा बाप. ही बिअर बनवते."

हे वाक्य ते आयुष्यात पहिल्यांदाच मोठ्याने बोलले होते, आणि तेही अशा वेळी. अद्वयने टाकीचा खालचा व्हॉल्व्ह उघडला. पाचशे लिटर कोकम गटारात वाहून जाईपर्यंत बापलेक शेजारी शेजारी उभे राहून बघत होते.

"पुन्हा करेन," प्रीती म्हणाली. "तीन आठवड्यांचं तर काम आहे."

महिन्याभराने पुन्हा तिचा फोन. "पप्पा, लाइनमध्ये हवा गळतेय, सापडत नाहीये. तुमचे कान पाहिजेत. हात नकोत."

राजरत्न स्कूटर दामटत पोचले. सगळ्या मशिनी बंद करायला लावल्या आणि डोळे मिटून भिंतीच्या कडेने फिरले. एका जोडावर बोट ठेवलं. "इथे." साबणाचं पाणी लावलं तर खरंच बुडबुडे आले. कामावरच्या पोरांनी टाळ्या वाजवल्या.

"थांबा," राजरत्ननी हात वर केला. "अजून एक आहे. बारीक."

सगळे चिडीचूप. ते कान देत दरवाज्यापर्यंत गेले, पायऱ्या उतरले, आणि स्वतःच्या स्कूटरपाशी थांबले. मागचं चाक रिमवर टेकत आलं होतं.

प्रीती नळी घेऊन आलीच.

"पप्पा," ती म्हणाली, "यात चालते हवा. भरा."