सिस्टरांची रविवारची कांडी

सुमन सिस्टर रम इंजेक्शनच्या सिरिंजनं मोजत. काचेची, दहा मिलीची सिरिंज, सुई काढलेली. ती उजेडाकडे धरायची, एक डोळा मिटायचा, दांडा हळूच दाबून वरचा बुडबुडा काढायचा आणि आतला ऐवज कैरीच्या पन्ह्यानं भरलेल्या प्लास्टिकच्या नळीत सोडायचा. एका नळीला एक सिरिंज. मग नळीत काडी, आणि नळ्या उभ्या करून फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात. शनिवारी संध्याकाळी हा विधी आणि रविवारी दुपारी चार वाजता वाटप. सिल्वासाच्या त्या घामट मे महिन्यात आम्ही आठ-दहा माणसं त्यांच्या व्हरांड्यात रांगेनं बसून दारूची गारेगार कांडी चोखत असू. माझ्या आईला चिपळूणला हे शेवटपर्यंत कळलं नाही, हे एक बरं झालं.

ऐंशीच्या दशकातली शेवटची वर्षं. मी बांधकाम खात्यात कारकून होतो आणि सिल्वासातल्याच डोकमर्डीला सिस्टरांच्या समोरच्या खोल्यांत बायकोसह राहत होतो. सिस्टर सरकारी दवाखान्यात होत्या. त्यांच्या लेखी जगात दोनच जाती, पेशंट आणि होऊ घातलेले पेशंट. बोलताना त्या समोरच्याला 'तुम्ही' कधी म्हणत नसत. "आपण आज अंघोळ केलेली दिसत नाही," असं म्हणाल्या, की आपण म्हणजे आपणच, त्यात त्या नाहीत, हे समजून घ्यायचं. कांडीलाही त्या कांडी म्हणत नसत. डोस म्हणत. "डोस चावायचा नाही. चोखायचा. घाई करायची नाही. पुढचा!"

काड्या म्हणजे घसा तपासताना जीभ दाबतात त्या चपट्या लाकडी पट्ट्या. एकदा मी गमतीनं विचारलं, "सिस्टर, सरकारी का?" झालं. त्या आत गेल्या आणि वापीच्या दुकानातून स्वतः विकत आणलेलं पाकीट घेऊन आल्या, ते माझ्या नाकासमोर धरलं. "आपण आज फार बोलतोय. जीभ दाखवा बरं." मी दाखवली. चिपळूणच्या माणसानं इतक्या मुकाट्यानं जीभ बाहेर काढल्याचं दुसरं उदाहरण नसेल.

नळ्या पुरवायचा हिलाल. हा धुळ्याकडचा. जवळच्या नरोलीला प्लास्टिकच्या कारखान्यात कामाला आणि तिथेच चौघांत मिळून एका भाड्याच्या खोलीत राहायला. मशीनमध्ये बोट चेपलं तेव्हा सिस्टरांनी त्याला पट्टी बांधली होती आणि बांधताना इतकं झापलं होतं, की त्याला घरची आठवण आली. तेव्हापासून तो 'रिजेक' माल त्यांना आणून द्यायचा. सिस्टर त्या नळ्या वीस मिनिटं उकळायच्या. प्लास्टिक ते. उकळलं की वाकायचंच. त्यामुळे आमच्या कांड्या केळ्यासारख्या वाकड्या निघत. पहिली कांडी हातात आल्यावर हिलाल तिच्याकडे बघतच राहिला. "हाई काय शे, माय?" असं त्यानं विचारलं, आणि अर्धी संपल्यावर कुणीही न विचारता जाहीर केलं, "माले चढनी!"

शेजारच्या कुलकर्णी वहिनींचा पिण्याला कडक विरोध होता. पण ही तर खायची वस्तू. त्यांची अडचण फक्त चतुर्थीची. "सिस्टर, कैरी हे फळच ना?"

"फळच. पण रम उसाची असते. ऊस चालतो का, ते आपण आपलं बघायचं."

वहिनींनी दोन क्षण विचार केला आणि ऊस चालतो म्हणाल्या.

जशुभाई यायचे वापीहून, स्कूटरवर. गुजरातेत दारूबंदी, आमच्याकडे नाही, त्यामुळे तिकडची मंडळी सुट्टीच्या दिवशी आमच्याकडे लोटत आणि रस्त्यात दिसेल त्या बारमध्ये शिरत. जशुभाई मात्र सरळ सिस्टरांकडे येत. "आ तो दवा छे, सिस्टरबेन! दारू होय तो हुं अडूं पण नहीं," असं म्हणत, दारूला शिवत नसल्याचं बजावत, दुसऱ्या कांडीला हात पुढे करत. सिस्टर त्या हातावर चापट मारत.

आता हे सगळं कशासाठी, ते सांगतो. वसाहतीत ते सगळ्यांना माहीत होतं, फक्त कुणी बोलत नसे.

सिस्टरांचे यजमान अण्णा. वनखात्यात होते. उंच, गोरे, खळखळून हसणारे, आणि संध्याकाळ झाली की हमखास गायब होणारे. सिल्वासात गायब व्हायला लांब जावं लागत नसे. त्या वर्षी संक्रांतीच्या सुमारास अण्णांचे डोळे पिवळे झाले. बायकोच्याच वॉर्डात अकरा दिवस काढले. डॉक्टरांनी सिस्टरांना बाजूला घेऊन सांगितलं, की दारू अशीच चालू राहिली तर पुढचा उन्हाळा दिसणार नाही. अण्णांनी शपथ घेतली. ती चार दिवस टिकली. पाचव्या दिवशी ते कोपऱ्यावरच्या दारूच्या दुकानाच्या मागल्या बाकावर सापडले. सिस्टर ड्यूटीच्या पांढऱ्या साडीतच तिथं गेल्या आणि त्यांना हाताला धरून घरी घेऊन आल्या. वाटेत एक शब्द बोलल्या नाहीत म्हणे. सिस्टर बोलल्या नाहीत, याचीच आम्हांला जास्त धास्ती वाटली.

होळीच्या दिवशी पहिली कांडी आली. अण्णांना रोज संध्याकाळी दोन आणि रविवारी बाकी सगळ्यांना एकेक. "एकदम तोडली की हात थरथरतात, भिंतीवर भलतंसलतं दिसायला लागतं. वॉर्डात बघितलंय मी," सिस्टर मला म्हणाल्या. "ग्लास ढोसता येतो. कांडी ढोसता येत नाही. आणि एकट्याला दिली तर ते औषध होईल. सगळ्यांनी खाल्ली की पार्टी." म्हणजे आम्ही सगळे अण्णांच्या औषधातले अनुपान होतो. मला त्याचं काही वाईट वाटलं नाही. कांडी फुकट होती.

अण्णांनी एकदा चलाखी केली. सिस्टर नळ्या भरून आवराआवर करत होत्या, तेवढ्यात यांनी कुठूनशी क्वार्टर पैदा करून प्रत्येक नळीत सढळ हातानं भर घातली. रविवारी चार वाजता सिस्टरांनी पहिली नळी उपडी केली. काडी एकटीच बाहेर आली. मागून रमचा घमघमता लगदा वहिनींच्या मांडीवर. दुसरी नळी, तोच प्रकार. दारू मापाबाहेर गेली की बर्फ धरत नाही, हे अण्णांना कुणी सांगितलंच नव्हतं.

"अहो, हात पुढे करा," सिस्टर म्हणाल्या. अण्णांनी शाळेतल्यासारखे दोन्ही हात पुढे केले. सिस्टरांनी मारलं नाही. वास घेतला, नखं बघितली, नाडी बघितली आणि सगळा लगदा मोरीत ओतला. जशुभाईंना मी डोळे पुसताना पाहिलं. घाम असेल. त्या आठवड्यापासून बाटली औषधांच्या कपाटात, कुलपात गेली.

मेअखेरच्या एका रविवारची गोष्ट तर मला सांगायलाही लाज वाटते. ऊन असं, की भिंतीला हात लावावा तर चटका. माझ्या वाट्याला त्या दिवशी दोन कांड्या आल्या, कारण हिलाल पाळीवर होता. दुसरी संपता संपता मला अंगात काहीतरी शिरल्यासारखं वाटायला लागलं. मी उठून उभा राहिलो आणि आमच्या साहेबांविरुद्ध भाषण ठोकलं. माझी बढती कशी दाबली, माझ्या टेबलावरचा पंखा कसा काढून नेला, सगळं. मग मला रडू आलं. मी जशुभाईंच्या गळ्यात पडलो. जशुभाईंनाही चढली होती. "तारो पंखो हुं आपीश, भाई!" असं पंखा द्यायचं वचन देऊन तेही रडले. स्कूटर चालवायची शुद्ध नाही म्हणून ते एसटीनं गेले. मला बायकोनं दंडाला धरून समोर नेलं. वहिनी म्हणे, कोपऱ्यात बसून उखाणे घेत होत्या, एकामागून एक, कुणी सांगितलं नसताना.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सिस्टरांकडे माफी मागायला गेलो. म्हटलं, "काल जरा जास्तच झाली."

सिस्टर भाजी निवडत होत्या. "काय जास्त झालं आपल्याला? पाच रविवार झाले, नुसतं पन्हं आहे त्यात."

मी खाली बसलो. पायऱ्यांवर बसलो की ओट्यावर, ते आठवत नाही.

दर आठवड्याला त्यांनी रमचं माप दोन मिलीनं उतरवत आणलं होतं, उरलेली सिरिंज कोऱ्या चहानं भरून. दहा, आठ, सहा असं करत एप्रिलच्या शेवटी शून्य. बाटलीत आता नुसता चहा होता. वासापुरता काडीच्या टोकाला रमचा बोळा फिरवायच्या. शनिवारी सिरिंजचा विधी मात्र सगळ्यांसमोर, अगदी तसाच. "आपण कुणाला बोलायचं नाही," त्या म्हणाल्या. "ह्यांना कळलं तर उठून सरळ दुकानात जातील. एक महिना गेलाय. अजून थोडे दिवस काढायचेत." त्यांचा आवाज पहिल्यांदाच वॉर्डातला वाटला नाही. मला स्वतःची लाज वाटत होतीच. त्यात आता अण्णांची काळजीही वाटायला लागली.

मी गप्प राहिलो. माझ्या तोंडात तीळ भिजत नाही, तरी राहिलो. पुढच्या रविवारी वहिनी उखाण्यांच्या रंगात आल्या, जशुभाई डोलायला लागले, आणि मला हसू आवरेना म्हणून मी कांडी चावली. सिस्टर ओरडल्या.

जूनच्या दुसऱ्या रविवारी अण्णा विशेष खुशीत होते. कांडी संपवून त्यांनी काडी कानावर ठेवली. सिस्टर आत मोरीत नळ्या धूत होत्या. अण्णा आमच्याकडे वळून म्हणाले, "खरं सांगू? पाळी संपवून ही त्या वळणावर दिसली ना, पांढऱ्या साडीत, छत्री मिटलेली, तरातरा येणारी, की मला अजून धडधडतं. सव्वीस वर्षं झाली. डॉक्टर म्हणतात लिव्हर. लिव्हर नाही हो ते."

सगळे हो हो करून हसले. आतून सिस्टरांचा आवाज आला, "चढलीय त्यांना. लक्ष देऊ नका."

मंगळवारी अण्णांच्या रक्ताचा रिपोर्ट आला. सगळे आकडे खाली उतरले होते. डॉक्टर म्हणाले, लिव्हर सावरतंय. एक थेंब घ्यायचा नाही, मग काळजी नाही. संध्याकाळी अण्णा फाटकाशी उभे होते, मी अभिनंदन केलं. त्यांनी इकडेतिकडे बघितलं आणि म्हणाले, "तुम्हांला म्हणून सांगतो. कांडीत काही नसतं."

मी शक्य तितका दचकलो. "कधीपासून माहीत आहे?"

"पहिल्या कोऱ्या दिवसापासून. तीस वर्षं ही जीभ त्यात घातलीय मी. ती फसेल होय?"

"मग बोलला नाहीत?"

"निघालो होतो ना. रागानं निघालो होतो. दुकानाच्या पायरीवर पाय ठेवला. आणि मला आदल्या दिवशीची ही दिसली. सिरिंज उजेडाला धरून, डोळा मिटून, दहा मिली मोजत होती. बुडबुडा काढत होती. कोऱ्या चहातला बुडबुडा! एक थेंब जास्त जाऊ नये म्हणून." अण्णांनी फाटकाची कडी उगाच लावली, काढली. "परत आलो," एवढंच म्हणाले. मी कारकून माणूस, मी रिपोर्टबद्दलच बोलत राहिलो.

आता हे काही माझ्या पोटात राहणार नव्हतं. दुसऱ्या दिवशी अण्णा ऑफिसला गेल्याबरोबर मी समोर गेलो आणि सिस्टरांना सगळं सांगून टाकलं. पायरी, राग, चहा, बुडबुडा, सगळं. त्या ड्यूटीची साडी नेसून तयार होत्या, केसांना पिना लावत होत्या. मला वाटलं, आता आपली जीभ बाहेर काढायला लावणार.

सिस्टर स्टुलावर बसल्या. एक पीन तोंडात तशीच होती, ती काढून त्यांनी मुठीत धरली.

"पायरीवरून परत आले?"

"हो."

"आपणहून?"

"आपणहून."

वॉर्डात त्यांनी किती माणसांचे डोळे मिटवले असतील, पण मी त्यांना रडताना कधी पाहिलं नव्हतं. आता त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं त्यांच्या लक्षातही नव्हतं. मी उठायला लागलो, तर त्यांनी हातानंच मला थांबवलं.

"म्हणजे रविवारी ते शुद्धीत होते?"

"पूर्ण शुद्धीत, सिस्टर."

त्यांनी दाराकडे बघितलं. रस्त्यावर कुणी नव्हतं. मग खाली बघून, अगदी हळू आवाजात त्या म्हणाल्या, "मी नळ मोठा सोडला होता हो. मला नीट ऐकू आलं नाही. वळणाचं काय म्हणाले ते? पहिल्यापासून सांगा."