वरच्या दातांचा प्राणी

डॉ. नॉर्बर्ट हुकस्ट्रा यांनी मिसिसिपी नदीपलीकडच्या राज्यात एकशेसाठ एकर शेतजमीन घेतली, ती दोन उद्देशांनी. पहिला मक्याचं उत्पन्न आणि दुसरा हरणाची शिकार. दलालाच्या जाहिरातीत दोन्ही उद्देश एकाच वाक्यात बसवले होते: 'मका पोट भरेल, शिकार मन भरेल.' खाली एका नर हरणाचा फोटो होता, शिंगांना अकरा फाटे. डॉक्टर सव्वीस वर्षं अलीकडच्या तीरावर, इलिनॉयमध्ये, दातांचा दवाखाना चालवत होते आणि माणसाच्या तोंडाबाहेर त्यांनी जगात फारसं काही पाहिलं नव्हतं. तो फोटो बघून ते घायाळ झाले. शिकारीत आधी शिकाऱ्यानं घायाळ व्हायचं अशी पद्धत नाही. पण जमिनीचे दलाल जगतात ते त्याच्यावरच.

आमच्याकडे मोठ्या हरणाला नाव ठेवल्याशिवाय मारत नाहीत. डॉक्टरांनी त्याचं नाव 'सिनेटर' ठेवलं, कारण वय झालं तरी तो जागा सोडत नव्हता. त्याच्यासाठी त्यांनी पाच एकर लसूणघास पेरला, झाडाझाडाला कॅमेरे बांधले, मचाण उभारलं, आणि मग काउंटीच्या कचेरीत शिकारीचा बिल्ला मागायला गेले. बिल्ला म्हणजे मारलेल्या जनावराला बांधायची पट्टी. ती असली तर शिकार, नसली तर चोरी.

"राहता कुठे?" खिडकीतल्या बाईंनी विचारलं.

"इलिनॉयला. पण जमीन इथली आहे."

"जमीन इथलीच असते हो. ती काय पूल ओलांडून येते? तुम्ही बाहेरचे. बाहेरच्यांची रांग वेगळी, चार वर्षांची."

"अहो, हरीण माझ्या शेतात उभं आहे! माझा घास खातंय!"

"ते स्थानिक आहे," बाई म्हणाल्या. "तुम्ही नाही."

सिनेटर सहा वर्षांचा होता. चार वर्षांनी त्याच्या तोंडात दात उरणार नव्हते, आणि हे डॉक्टरांइतकं दुसऱ्या कुणाला कळणार? त्यांना त्या खिडकीसमोरच रडू आलं. पण रडण्यासाठीही रांग वेगळी असेल या भीतीनं ते बाहेर आले.

जमीन मर्ल ओबरमान अर्धेलीनं कसत होता. सरळ माणूस, बोलणं कमी, टोपी डोक्याला चिकटलेली. जमीन कसणारा स्थानिक असला की त्याचा बिल्ला घरपोच येतो. थोडक्यात, कसेल त्याची शिकार. मर्ल डॉक्टरांच्या मचाणावर बसून कॉफी पीत होता आणि डॉक्टर खाली शिडी धरून उभे होते.

"तुमच्या सिनेटरला मी हात नाही लावणार, डॉक्टर," मर्ल वरून म्हणाला. "मेव्हण्याचं मात्र सांगता येत नाही."

"मी काय करू रे मर्ल?"

"उपद्रवाचा परवाना काढा. हरणांनी पीक खाल्लं तर वन्यजीव खातं परवाना देतं. त्याला रांग नाही आणि कोण कुठला तेही बघत नाहीत. फक्त नासधूस दिसली पाहिजे."

डॉक्टरांनी त्याच दिवशी अर्ज केला. आठवड्याभरात वन्यजीव खात्याच्या निरीक्षक आर्लिस टॉफ्टे आल्या आणि त्यांनी मक्याची ओळ न् ओळ पायाखाली घातली. एका कणसालाही धक्का लागलेला नव्हता. शेजारी पाच एकर लसूणघास आयता वाढून ठेवलेला असताना कुठलं हरीण मक्याकडे बघेल? "पीक उत्तम आहे. अभिनंदन," असं लिहून त्या निघून गेल्या.

"घास नांगरून टाका," मर्ल म्हणाला.

"आणि सिनेटर शेजारच्या रानात गेला म्हणजे?"

मग विवेकी माणसाला एकच मार्ग उरतो. दुसऱ्या दिवशी उजाडताना डॉक्टर मक्यात शिरले आणि गुडघ्यांवर बसून कणसं खाऊ लागले. तो कोंबड्यांना घालायचा मका, भाजून खायचा नव्हे, दगडासारखा. पण शास्त्र माहीत असलेला माणूस कष्टाला भीत नाही. अठरा सकाळी त्यांनी चार ओळी फस्त केल्या. एका कणसात त्यांच्या दाढेची टोपी अडकून राहिली, तीही त्यांनी कामी आली असं समजून सोडून दिली.

आर्लिस बाई पुन्हा आल्या. भिंग काढून त्यांनी एक कणीस बराच वेळ बघितलं.

"हे हरीण नाही," त्या म्हणाल्या. "हरणाला पुढचे वरचे दात नसतात. ते ओरबाडतं. इथं वरचे दात उमटलेत, आणि फार सुरेख निगा राखलेले आहेत."

"थँक यू," डॉक्टर म्हणून गेले.

आयुष्यभर दात पाहिले ते माणसांचे. हरणाच्या तोंडात बघायचं राहूनच गेलं होतं. आर्लिस बाईंनी झाडांवरच्या कॅमेऱ्यांतले फोटो काढून घेतले आणि अहवाल तयार केला. अज्ञात सस्तन प्राणी. उंची अंदाजे पावणेसहा फूट. पहाटे चरतो. एका दाढेला टोपी. अत्यंत उपद्रवी. निकाल लागेपर्यंत मका कापायचा नाही, कारण तो पुरावा. उपद्रवाचा परवाना मंजूर, आणि तो पिकाचा कर्ता म्हणून मर्लच्या नावे.

डॉक्टर आर्लिस बाईंच्या कचेरीत धावले. "अहो बाई, फोटोतला तो मी आहे!"

"शक्य नाही," आर्लिस बाईंनी फाइल उघडली. "मालक राज्याबाहेर राहतो, असं मालकानंच सही करून दिलंय. हा प्राणी सलग अठरा दिवस इथं दिसलाय. नियमानं तो स्थानिक ठरतो."

डॉक्टर फाइलीवर वाकले. त्यांनी हळूच विचारलं, "स्थानिक? हे लिहून द्याल?"

"देऊ की. फोटोतला तो आपणच, अशी इथं सही करा."

त्यांनी केली. दाखला मिळाला. हातभर लांब, खाली सोनेरी शिक्का. तो छातीशी धरून डॉक्टर बिल्ल्याच्या खिडकीपाशी आले तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर लग्नातही नव्हतं असं तेज होतं. बाईंनी शिक्का बघितला, मान हलवली आणि बिल्ला छापून काढला. त्याच्यावर डॉक्टरांचं नाव होतं. मग त्यांनी तो डॉक्टरांच्या खांद्यावरून मागे उभ्या मर्लच्या हातात दिला.

"नाव तुमचंच," बाई म्हणाल्या. "बांधायचा त्यांनी."

बाहेर आल्यावर मर्लनं टोपी काढली. त्याला खरंच वाईट वाटत होतं. "शनिवारी शिकारीची मुदत सुरू होते, डॉक्टर. मेव्हणा आहे, त्याचे चार दोस्त आहेत, दलालानं तुमच्या फोटोची नवी जाहिरातही काढलीय. पूल ओलांडा आणि घरी जा. ऐका माझं."

"पूल ओलांडला की मी पुन्हा बाहेरचा," डॉक्टर म्हणाले. "किती हाल काढून हा कागद मिळालाय, तुला काय कळणार? तू जन्मानंच स्थानिक!"

शनिवारी उजाडलं. सगळे शिकारी मक्याकडे तोंड करून बसले होते. सिनेटर पलीकडे निवांत लसूणघास खात होता, त्याच्याकडे बघायला कुणाला सवड नव्हती. मक्याची चौथी ओळ हलली.

"डॉक्टर!" मर्ल मचाणावरून कळवळून ओरडला. "हात वर करा! उभे राहा! माणूस आहात एवढं तरी दिसू दे!"

"हळू बोल!" मक्यातून दबका आवाज आला. "कॅमेरा बघतोय. दाखला रद्द होईल."

पाच जणांनी एकाच वेळी बंदुका उचलल्या.

तुम्ही हसताय. खुशाल हसा. पण कपाटातली ती फाइल एकदा काढा; चार खेपा घालून, साहेबांची जेवणाची सुट्टी संपायची वाट बघून तुम्हीही एक दाखला आणलाय. शिक्का नीट उमटलाय ना, हे तर तुम्ही खिडकीतच उजेडाला धरून पाहिलंत. त्या शिक्क्याच्या वर तुम्हाला काय म्हटलंय, ते वाचलंत का?