बिनआवाजाची खोली

टण्ण!

चमचा फरशीवर पडला, दोन उड्या मारल्या आणि ओट्याखाली जाऊन स्वतःभोवती गरगरत राहिला. एरवी अशा चमच्याकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नसतं. पण त्या सकाळी घर इतकं शांत होतं, की आजोबांनी दचकून वर्तमानपत्र छातीशी धरलं, बाबांचा ब्रश दाढेवरच थांबला, आणि आईने धाकटीकडे असं पाहिलं, जसं काही त्या चमच्याने कुणाचा जीवच घेतला होता.

"मी नाही पाडला," धाकटी कुजबुजली. "तो आपला आपण पडला."

"शूऽऽ!" आई म्हणाली. अलीकडे आईच्या बोलण्यात निम्मा भाग 'शूऽऽ'चाच असायचा.

आज थोरलीचा गणिताचा पेपर होता. शाळेतला शेवटचा, मोठ्या परीक्षेतला. या पेपरावर पुढचं सगळं अवलंबून आहे असं शाळा म्हणत होती, शिकवणी म्हणत होती, आणि आई तर म्हणत नव्हती, नुसती पाहत होती. त्या पाहण्यापेक्षा म्हटलेलं परवडलं असतं!

खरं तर आईला सगळं कळत होतं. पोरीने नखं कुरतडून कुरतडून बोटं लाल केली होती. फणीत केसांचा पुंजका यायचा. प्रत्येक चाचणीच्या सकाळी पोटात दुखायचं. आणि आंघोळ करताना मोठमोठ्याने गाणारी ही पोर कधीपासून गायची थांबली, ते आठवायचा प्रयत्न केला तरी आईला आठवत नव्हतं. शाळेने पालकांसाठी व्याख्यान ठेवलं, तेव्हा आई पहिल्या रांगेत जाऊन बसली. समुपदेशक बाईंनी मुलांच्या ताणाची कारणं सांगितली: अतिअपेक्षा, सततची तुलना, अपुरी झोप, हरण्याची भीती आणि घरातला गोंगाट.

आईने विचार केला. अपेक्षा घरातून हाकलायच्या म्हणजे त्या नक्की कुठे ठेवल्यात तेच माहीत नाही. भीतीला पकडायचं कुठून? पण गोंगाट! गोंगाटाला हातोडी, खिळे आणि जुन्या गाद्या पुरतात!

"यंदा या घरात ताणाला पाय ठेवायला जागा नाही!" तिने छाती ठोकून जाहीर केलं. "पोरी, तू अगदी शांत राहा. सगळं आम्ही बघतो. तू फक्त मार्क तेवढे आण!"

आणि ती कामाला लागली. दाराची घंटा तोडली. खुर्च्यांच्या पायांत मोजे घातले. आजोबांची शिंक उशीत दाबून देण्याची सोय केली. सगळ्यांचे फोन मुके करून कपाटात कोंबले. थोरलीच्या खोलीच्या खिडकीला चहूबाजूंनी चिकटपट्टीचे थरावर थर मारले, दाराला आतून-बाहेरून गाद्या ठोकल्या, फटीत गोधडी कोंबली. एवढं करूनही दाराची मूठ फिरवली की करकरायची. म्हणून आईने मूठच उपटून काढली, दोन्हीकडची! कुलपाची जीभ आत दाबून तिच्यावर चिकटपट्टी लावली, म्हणजे दार नुसतं ढकललं की उघडेल. मूठ तिने जपून ठेवली. जपून ठेवलेल्या वस्तूंचं त्या घरात पुढे काय व्हायचं, ते सगळ्यांना ठाऊक होतं.

असा सगळा बंदोबस्त. फक्त पेपरच्या सकाळी ती चिकटपट्टी सुटली. तिलाही परीक्षेचं टेन्शन आलं असेल, दुसरं काय! थोरली आंघोळ करून खोलीत गेली, दार लोटलं, आणि गाद्यांच्या कुशीत कुलपाची जीभ आवाज न करता खाचेत जाऊन बसली.

बाहेर आई दाराशी दुधाचा पेला घेऊन उभी होती. आतून काही हालचाल नाही. तिचा ऊर भरून आला.

"किती एकाग्र झालीय बघा!" ती बाबांच्या कानात म्हणाली.

"अगं, पण निघायची वेळ होत आली."

"ती स्वतः येईल. तुम्ही मधे कडमडू नका. उजळणीची शेवटची घटका असते ती!"

आजोबांनी दाराला कान लावला. "सूनबाई, आत काहीतरी धपधपतंय."

"पाठ करताना येरझाऱ्या घालते ती."

"येरझाऱ्या दारावर घालते का गं?"

"आजोबा, शूऽऽ!"

आत काय चाललं होतं? थोरलीने दारावर हात मारले, गादीने ते मऊपणे गिळले. हाका मारल्या, गोधडीने त्या पोटात घातल्या. शेवटी ती खिडकीशी गेली आणि काचेमागून ओढणी हलवू लागली. गल्लीपलीकडे शिवणवाल्या काकू यंत्रावर बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली, पोर दिसली, ओढणी दिसली. काकूंना भरून आलं. परीक्षेला निघालेलं लेकरू निरोप घेतंय! त्यांनीही हातातलं कापड उंच धरून जोरजोरात हलवलं, वर दोन्ही हातांनी तोंडभर आशीर्वाद दिले.

थोरलीने मानेने 'नाही नाही' केलं. काकूंनी 'येईल येईल, सगळं येईल' केलं.

मग पोर रडू लागली, तेव्हा कुठे काकू शिलाई सोडून उठल्या. फोन केला, तो कपाटात मुक्याने वाजला. धावत जिना चढल्या, घंटा दाबली, ती तर तुटलेलीच! मग मात्र काकूंनी दोन्ही मुठींनी दार बडवलं.

आई वाऱ्यासारखी आली, दार उघडलं आणि काकूंच्या तोंडावर हात ठेवला.

"शूऽऽ! परीक्षा आहे!"

"अम् मम् पोर—"

"नंतर बोलू, काकू, नंतर!"

"म्म्म् खिड—"

"पेपर झाला की शांतपणे चहा घेऊ!"

काकूंनी आयुष्यात बऱ्याच गिऱ्हाइकांना तोंड दिलं होतं. त्या आईच्या हाताला कडकडून चावल्या. "अगं बये, तुझी पोर आत अडकलीय! खिडकीत उभी राहून रडतेय!"

मग काय विचारता! इतक्या दिवसांचा साठवलेला आवाज एकदम बाहेर आला. आजोबा एकीकडे शिंकू लागले, बाबा दारावर धावून गेले. खांद्याने धडक मारली. गाद्या आईने इतक्या मन लावून ठोकल्या होत्या, की बाबा चेंडूसारखे मागे उडून थेट खुर्चीतल्या आजोबांच्या मांडीत बसले.

"मूठ कुठाय?" बाबा ओरडले.

"जपून ठेवलीय!"

"कुठे?"

आईने पिठाचा डबा पाहिला, शिवणाची पेटी पाहिली, आपलं कपाट उचकटलं. कपड्यांच्या घड्या, औषधं, सगळ्यांचे फोन, सगळं बाहेर पडलं. मूठ सोडून सगळं! तिच्या डोळ्यांपुढे परीक्षेचं फाटक दिसत होतं. एकदा बंद झालं की झालं. वर्षभराची जागरणं, ती कुरतडलेली बोटं, सगळं एका मुठीपायी!

"माझ्याच हातांनी केलं हो," ती मटकन खाली बसली. "मीच माझ्या पोरीचं वर्ष घालवलं!"

बाबांना तेवढ्यात सुचलं. त्यांनी बाथरूमच्या दाराची मूठ उपटली, गादी फाडली आणि कापसाच्या पावसात ती मूठ भोकात घातली. दार उघडलं.

थोरली टेबलाखाली पाय जवळ घेऊन बसली होती. रडणं कधीच संपलेलं. चेहरा इतका निवांत, की आईला तो ओळखूच येईना.

"अगं, काच तरी फोडायचीस!"

"फोडणार होते," थोरली म्हणाली. "पण आवाज झाला असता."

बाबांनी मान फिरवली. कापूस डोळ्यांत गेला म्हणाले.

"आधी खूप ओरडले. मग थांबले," थोरली जमिनीकडे बघत बोलत होती. "मग वाटलं, हे दार उघडलंच नाही तर? पेपर नाही, निकाल नाही, कुणाला तोंड दाखवायचं नाही. पोटात दुखायचंपण थांबलं, आई. इतकं बरं वाटलं—"

"चल, चल, चल!" आई म्हणाली. तिने पोरीला दंडाला धरून टेबलाखालून ओढलं, केसांतला कापूस झटकला, ओळखपत्र गळ्यात अडकवलं आणि उघड्या पेनाचं टोपण दातांनी लावलं.

बाबांच्या स्कूटरवर चौघं कशी मावली ते विचारू नका. शाळेचा रखवालदार फाटक लावतच होता.

"थांबा हो दादा! दाराची मूठ सापडली नाही!"

"मूठ?" रखवालदाराने तिला आपादमस्तक पाहिलं. आईच्या डोक्यावर कापूस, पायांत दोन वेगळ्या चपला. "पंक्चर ऐकलं, पोटदुखी ऐकली. मूठ आजच ऐकली! जा पोरी, पळ. अजून कागद वाटले नसतील."

थोरली आत गेली. जाताना तिचा हात पोटावर होता.

फाटक लागलं. बाबा स्कूटर लावायला गेले. आई धाकटीला घेऊन कुंपणाच्या भिंतीला टेकून बसली. तिथे कितीतरी आया होत्या, पिशव्या नि पाण्याच्या बाटल्या घेऊन. सगळ्यांचे डोळे फाटकाकडे.

"पोचली बाई वेळेत!" आईने सुस्कारा सोडला. "सुटलो!"

शेजारची बाई तिच्याकडे वळून हसली. आईही हसली. ते हसू ओठांवर थोडा वेळ तसंच राहिलं, मग ते आवरायचं कसं तेच तिला कळेना. मघाशी घाईत पोरीचं ऐकायचं राहून गेलेलं वाक्य आत्ता सावकाश कानात उतरत होतं.

धाकटी तिच्या केसांतला कापूस वेचत होती. एकेक पुंजका काढून ती आईच्या मांडीवर नीट ओळीत लावत होती.

"आई."

"काय गं?"

"ताईला आत बरं वाटत होतं ना? तिचं पोटपण दुखत नव्हतं."

आईने तिचा हात हातात घेतला.

"मग आपण तिला बाहेर कशाला काढलं?"