मिशीवाला फ्लेमिंगो

"तुमचे कान चांगले सुटतील," हे पोपटतात्या माझ्याशी बोललेलं पहिलं वाक्य.

निमगाव केतकीच्या स्टँडजवळ, त्यांच्या फोटो स्टुडिओला लागूनच मी मोटार रिवायंडिंगचं दुकान टाकलं होतं. शेजारधर्म म्हणून पेढे घेऊन गेलो. तात्यांनी पेढा तोंडात टाकला, चष्मा कपाळावर सरकवला आणि माझ्या डोक्याच्या कडेकडेनं नजर फिरवली. चेहऱ्याकडं बघितलंच नाही. कान सुटणं म्हणजे काय, ते मला आठवड्यानं कळलं. कॉम्प्युटरवर एका जर्सी गाईच्या धडावर माझं मुंडकं बसलं होतं, आणि कान मागच्या पडद्यापासून खरोखरच छान सुटले होते.

तात्यांनी उमेदीत लग्नांचे फोटो काढले. मग प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आला आणि तात्यांकडं उरले पासपोर्ट फोटो अन् वाढदिवसाचे फ्लेक्स. दुसरा माणूस खचला असता. तात्यांना लेअर मास्क सापडला.

तो काय असतो हे आमच्या गावात सगळ्यांना ठाऊक आहे, कारण पासपोर्ट फोटोला स्टुलावर बसलेला माणूस पळून जाऊ शकत नाही. एका फोटोवर दुसरा फोटो ठेवायचा आणि वरच्याला मास्क लावायचा. मास्कवर काळं फिरवलं की वरचा फोटो तेवढा झाकला जातो, त्या जागी खालचा दिसतो. पांढरं फिरवलं की वरचा परत येतो. "खोडायचं कायबी न्हाय," तात्या बजावून सांगतात, "चुकलं तर पांढरं फिरवायचं. हाय काय त्यात."

कोरोनात नाक्यावर एका हवालदारानं त्यांना हटकलं, "मास्क कुठंय?" तात्या म्हणाले, "कंच्या फोटूचा?"

गावातली माणसं त्यांच्या लेखी दोनच प्रकारची, सोपी आणि अवघड. टक्कल सोपं. गांधी टोपी तर फारच सोपी. कुरळे केस अवघड, आणि फेट्याचा तुरा म्हणजे दोन दिवसांचं काम. माझ्या मेव्हण्याला त्यांनी बाजारात सगळ्यांदेखत सांगितलं, "पावणं, केस गेलं म्हून वाईट वाटून घेऊ नगा. लय सोपं झालाव तुमी."

एक नियम मात्र ते कडक पाळत. चित्र आधी त्या माणसालाच दाखवायचं. तो हसला तर ठेवायचं, नाही हसला तर त्याच्या डोळ्यांदेखत फाईल काढून टाकायची. हा नियम एकदाच मोडला, तोही चुकून.

निरवांगीचे ज्ञानुआबा कसल्याशा अर्जासाठी फोटो काढायला आले होते. डाळिंबाचे मोठे बागायतदार, भरघोस मिशा आणि चेहरा कायम रागावलेला. ते गेल्यावर तात्या माझ्या दुकानात आले. "सुभाषराव, मिशी बघितली का? एकेक केस सुट्टा करावा लागंल," असं म्हणताना त्यांचा आवाज मऊ झाला होता. तीन दिवस ते जेवायलाही वेळेवर उठले नाहीत. त्यातून भिगवणच्या पाण्यात एका पायावर उभा असलेला गुलाबी फ्लेमिंगो निघाला. लांबलचक मानेवर आबांचं डोकं, खाली काडीसारखे पाय, आणि मिशा वाऱ्यावर उडताहेत.

आबांच्या सुनेनं पासपोर्ट फोटो मोबाइलवर मागवला होता. तात्यांनी फ्लेमिंगो पाठवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आबा आले. बरोबर त्यांचा थोरला मुलगा, दारात मावत नव्हता एवढा. मी हातातला पान्हा तसाच घेऊन स्टुडिओत गेलो. तात्या कॉम्प्युटरच्या मागं उभे होते.

आबांनी मोबाइल टेबलावर ठेवला. "पोपट, हा मीच हाय का?"

"मान तुमची न्हाय, आबा."

"मिशी?"

"मिशी तुमचीच."

आबांनी मोबाइल उचलून परत खिशात घातला. मग स्टुलावर बसले आणि म्हणाले, "आजून एक करून दे."

आम्हाला काही कळेना. मग आबांनीच सांगितलं. त्यांच्या बायकोला, शेवंताकाकूंना, चार महिन्यांपूर्वी अर्धांगाचा झटका आला होता. बारामतीला दवाखान्यात ठेवून त्यांना घरी आणलं. हातापायात थोडा जीव आला, पण तोंड एका बाजूला वाकडं राहिलं. तेव्हापासून त्या तोंडावर पदर धरूनच बसायच्या. नातवंडांसमोरसुद्धा काढायच्या नाहीत.

"सुनेनं काल ह्ये दावलं तिला," आबा म्हणाले. "हसली. पदर सुटला तरी ध्यान न्हाय. चाळीस वर्सं मी तिच्याम्होरं फिरतोय, माझ्याकडं बघून अशी कवा हसली न्हवती."

त्यानंतर दर आठवडी बाजाराच्या दिवशी आबा एका नव्या चित्रात शिरले. ढोबळ्या मिरचीतून बाहेर डोकावणारे आबा. शेळी ट्रॅक्टर चालवतेय आणि मागं ट्रॉलीत दाव्याला बांधलेले आबा. काकूंना बारीक दिसत नाही म्हणून तात्या चित्र मोठं छापायचे आणि मोपेडवरून स्वतः निरवांगीला नेऊन द्यायचे. फोनवर पाठवा की, असं मी एकदा म्हटलं. तात्या म्हणाले, "व्हय, पर हसलेलं बघाय मिळत न्हाय."

दिवाळीनंतर एकदा तात्या निरवांगीहून परत आले ते सरळ माझ्या दुकानात, आणि मोपेडची किल्ली हातात फिरवत बसले.

"हसल्या नाहीत का?" मी विचारलं.

"हसल्या की. मग म्हनल्या, तू न्हाइस ह्यात. तू बी ये."

"मग घाला की तुमचा फोटो."

"न्हाय."

"का?"

"फोटू न्हाय माझा," तात्या म्हणाले.

मला आधी खरं वाटेना. तीस वर्षं गावातल्या लग्नांत हिंडलेला माणूस. पण प्रत्येक लग्नात तात्या कॅमेऱ्याच्या अलीकडं. स्वतःचं लग्न झालं नाही, आई गेल्यावर घरात दुसरं कुणी नाही, तर त्यांचा फोटो काढणार कोण?

मग मी काढला. तात्या भांग पाडून स्टुलावर बसले. इतरांना मान कशी धरायची ते शिकवणारा माणूस, पण स्वतःच्या हातांचं काय करावं ते त्यांना सुचेना. "हसा, तात्या," मी म्हटलं. ते प्रयत्न करत होते. सहाव्या फोटोत कुठं जरासं जमलं.

संध्याकाळी त्यांनी चित्र दाखवायला बोलावलं. डाळजजवळचा पाणवठा, त्यात होडी, होडीत सुनेनं पाठवलेल्या फोटोतल्या काकू ऐटीत बसलेल्या आणि आबा घामाघूम होऊन वल्हं मारताहेत. तात्या कुठं दिसेनात. त्यांनी बोट लावलं तेव्हा पलीकडच्या काठावर, झुडपाशेजारी, उडदाएवढे दिसले.

"काकूंना दिसायचं नाही एवढं," मी म्हणालो.

"दुसऱ्याच्या घरचा फोटू हाय त्यो, सुभाषराव."

"त्यांनीच बोलावलंय ना?"

तात्यांनी माऊस धरला. स्वतःला जरा मोठं केलं आणि काठावरून पाण्याच्या कडेला आणलं. थांबले. माझ्याकडं न बघता विचारलं, "हितं बास?"

"अजून थोडं," मी म्हटलं.

त्यांनी बोटभर सरकवलं. होडीत काकूंच्या शेजारची फळी मोकळी होती. तिथं पोचायला तात्यांना अर्धा तास लागला.