संपूर्ण शोध घेतला आहे

त्या दुपारी संदर्भकाका स्टुलावरून खाली उतरले असते, तर पुढचं सगळं रामायण टळलं असतं. पण खाली उतरायचं म्हणजे पुन्हा वर चढणं आलं, आणि बायकोने त्यांना पडदे काढायला मोठ्या मुश्किलीने वर चढवलं होतं. म्हणून ते वरच राहिले. डाव्या हाताने पडद्याचा दांडा पेललेला, उजव्या हातात मोबाईल, आणि मोबाईलवर सर्जनसाहेबांचा मेसेज: "काका, हर्नियाची जाळी टाके घालून बसवावी की चिकटवावी, यावरचे पेपर काढून द्या. पाचपर्यंत हवेत."

काका एका मोठ्या हॉस्पिटलच्या ग्रंथालयात ग्रंथपाल होते. पुस्तक मागायला आता तिथे कुणी येत नसे. डॉक्टर लोक प्रश्न पाठवत आणि काका ऑनलाइन डेटाबेसमधून त्यावरचे शोधनिबंध हुडकून यादी पाठवत. म्हणून ते संदर्भकाका. काम वाटतं तितकं सोपं नाही. जगभरातले कोट्यवधी लेख त्या डेटाबेसमध्ये कोंबलेले असतात. त्यात नेमके शब्द टाकायचे, मग फिल्टर लावायचे, वर्ष कुठलं, पेशंट कोण, अभ्यास कसला, आणि मग एकेक लेख उघडून बघायचा. मनापासून केलं तर दोन दिवस लागतात. (काका पहिली काही वर्षं मनापासून करत असत.) प्रत्येक यादीच्या तळाशी एक वाक्य असे: 'संपूर्ण शोध घेतला आहे.' हे वाक्य त्यांनी बारा वर्षांपूर्वी एकदाच टाइप केलं होतं. तेव्हापासून ते प्रत्येक ईमेलखाली आपोआप येई.

त्या दिवशी सगळा कारभार एका अंगठ्यावर चालला होता. मोबाईलवर फिल्टर एका बारक्या चिन्हामागे लपलेले असतात. काकांनी ते उघडलं, 'गेलं एक वर्ष' दाबलं, 'पूर्ण लेख उपलब्ध' दाबलं. आणखी खाली बरंच काही होतं, पण तेवढ्यात दांडा सरकला.

"अहो, पडदा जमिनीला लागतोय," खालून बायको म्हणाली.

"एक मिनिट."

"मगाचपासून एकच मिनिट चाललंय तुमचं."

सात लेख आले. सातही चिकटवण्याच्या बाजूने दिसत होते. काकांनी पहिलं पान तसंच्या तसं सर्जनसाहेबांना ईमेलने धाडून दिलं आणि पडदा काढून खाली उतरले. एकूण चार मिनिटं लागली. चहा पिताना ते बायकोला म्हणालेही, की मोबाईलमुळे काम किती सोपं झालंय बघ.

दोन महिन्यांनी ग्रंथालयात जुन्या जर्नल्सचे बांधीव खंड वरच्या फळीवर ढकलताना काकांना उजव्या जांघेत काहीतरी सटकल्यासारखं वाटलं. घरी येऊन बघतात तर लिंबाएवढा फुगवटा. दुसऱ्या दिवशी बायकोने त्यांना धरून सर्जनसाहेबांपुढे नेलं.

"हर्निया," सर्जनसाहेब म्हणाले. वयाने धाकटे, पण हात चांगला म्हणून नाव होतं. "एकदम साधं आहे काका. शुक्रवारी करून टाकू. जाळी बसवायची. आणि टाके नाहीत बरं का, चिकटवायची."

"चिकटवायची?" काकांनी विचारलं.

"म्हणजे काय? तुम्हीच तर पेपर दिलेत. त्यानंतर मी पद्धतच बदलली. चाळीस पेशंट झाले तसे."

बायको खुर्चीत पुढे सरकली. "यांच्या पेपरांवरून?"

"तर हो. सगळा अभ्यास काकांचा. आम्ही काय, नुसते हात."

लग्नाला तेवीस वर्षं झाली होती. तेवीस वर्षांत बायकोने काकांकडे या नजरेने एकदाही पाहिलं नव्हतं. काकांना ते स्टूल आठवलं. काही बोलावं म्हणून त्यांनी तोंड उघडलं, पण बायको अजून त्याच नजरेने बघत होती, म्हणून मिटलं.

घरी आल्याआल्या ते पलंगावर पडले आणि मोबाईलवर ती जुनी ईमेल उघडली. ग्रंथालयात जाऊन मोठ्या स्क्रीनवर बघता आलं असतं, पण ग्रंथालय चौथ्या मजल्यावर, लिफ्ट बंद, आणि जिने चढायला सर्जनसाहेबांची मनाई. आता आपण नक्की काय पाठवलं होतं ते बघू, म्हणून त्यांनी पहिल्या लेखावर बोट ठेवलं.

मोबाईलच्या स्क्रीनवर लेखाचं अख्खं नाव मावत नाही. 'चिकटवलेल्या जाळीचे उत्तम परिणाम' इथपर्यंत दिसतं आणि पुढे तीन ठिपके. स्टुलावर उभ्या माणसाला तेवढं पुरतं. आता काकांनी नाव पूर्ण उघडलं. तीन ठिपक्यांपुढे लिहिलं होतं: 'बारा डुकरांवरील अभ्यास.'

दुसरा लेख डुकरांवर. तिसरा डुकरांवर. चौथा आणि पाचवाही डुकरांवर, फक्त देश वेगळा. सहावा लेख नव्हताच, ते कुणीतरी संपादकांना पाठवलेलं रागाचं पत्र होतं. सातव्यात मात्र माणसं होती. अकरा. त्यातली दोघं तपासणीला पुन्हा आलीच नव्हती.

'फक्त माणसं' हा फिल्टर काकांनी लावलाच नव्हता. तो खाली होता. तिथपर्यंत अंगठा पोचायच्या आत दांडा सरकला होता.

"काय वाचताय एवढं?" बायको आत येऊन बसली. तिच्या आवाजात नवा आदर होता, तो काकांना सहन होईना.

"तेच. जाळीवरचा अभ्यास."

"कसे होते त्यातले पेशंट?"

"तरुण होते," काका म्हणाले. "धडधाकट."

"आणि बरे झाले?"

"हो, सहा आठवडे अगदी ठणठणीत होते. चौथ्या दिवसापासून नीट खायला लागले."

"आणि मग?"

"मग अभ्यास संपला," काका म्हणाले आणि भिंतीकडे तोंड करून पडले.

झोप कसली येते? त्यांना स्वतःच्या पोटाची धास्ती होतीच, पण खरं काळीज कुरतडत होते ते चाळीस जण. चाळीस माणसं, डुकरांच्या भरवशावर चिकटवलेली, गावात हिंडत होती. कुणी पाण्याची बादली उचलत असेल, कुणी नातवंडाला. हे सगळं माझ्या चार मिनिटांमुळे, काका मनात म्हणाले.

मग त्यांनी ठरवलं की आता तरी नीट शोधायचं. शुक्रवारला तीन दिवस होते. सगळे शब्द, सगळी वर्षं, आणि पहिल्यांदा 'फक्त माणसं'. तेराशे बारा लेख आले. काका एकेक उघडू लागले. अर्ध्यांवर कुलूप होतं, ते फक्त ग्रंथालयाच्या कॉम्प्युटरवर उघडणारं. जे उघडले त्यांतला एक म्हणे चिकटवणं उत्तम, दुसरा म्हणे टाके उत्तम, तिसरा म्हणे दोन्ही सारखंच. आणि सगळ्यांच्या शेवटी एकच वाक्य: 'या विषयावर आणखी संशोधन व्हायला हवं.' शुक्रवारच्या आत ते कोण करणार होतं?

त्यात मेव्हणीचे फोन. बायकोने बहिणीला कळवलं होतं की यांच्याच संशोधनावरून यांचं ऑपरेशन होणार आहे, आणि बहिणीला ते भावजींच्या तोंडून ऐकायचं होतं. प्रत्येक फोननंतर काका परत डेटाबेसकडे वळत, तर तिथे लिहिलेलं असे, 'आपण बराच वेळ काही केले नाही, कृपया पुन्हा सुरुवात करा.' दोनशे सत्तरव्या लेखावरून ते पहिल्यावर येत. असं चार वेळा झालं. पाचव्यांदा त्यांनी मेव्हणीला सांगितलं की घसा बसलाय, तर तिने घशावरचे उपाय सांगायला फोन केला.

गुरुवारी दुपारी, अगदीच हात टेकल्यावर, त्यांनी शेवटचा प्रयत्न केला. तेराशे बारांत आपल्यासारखा एक जरी माणूस सापडला, आणि तो जगला असला, तरी पुरे. त्यांनी सगळी माहिती भरली: पुरुष, उजवी बाजू, पहिलंच ऑपरेशन, अंगाने किरकोळ, जाळी चिकटवलेली. एकही लेख आला नाही. डोळे ओले झाल्यामुळे बोट चुकलं आणि 'फक्त माणसं' निघून गेलं, तर लगेच एक लेख आला. नर. उजवी बाजू. अंगाने किरकोळ. वय सात महिने.

काकांनी मोबाईल उशीखाली ठेवला. आता एकच करण्यासारखं होतं. सर्जनसाहेबांना खरं सांगायचं, त्या चाळीस जणांना बोलावून घ्यायला लावायचं, आणि मग बायकोची ती नजर जाईल, नोकरी जाईल, काय जायचं ते जाईल. गुरुवारी संध्याकाळी त्यांनी तीन वेळा फोन लावला. सर्जनसाहेब तिन्ही वेळा ऑपरेशनमध्ये होते. (चिकटवत असणार, काकांना वाटलं, आणि त्यांनी चौथ्यांदा लावायचं धाडस केलं नाही.)

शुक्रवारी सकाळी हिरवा झगा घालून काका ऑपरेशन थिएटरबाहेर स्ट्रेचरवर पडले होते. सिस्टरने मोबाईल काढून प्लास्टिकच्या पिशवीत टाकला, पिशवी बायकोकडे दिली आणि दंडात इंजेक्शन दिलं. तेवढ्यात टोपी बांधत सर्जनसाहेब आले. काकांनी त्यांचं मनगट धरलं.

"डॉक्टर, ती डुकरं होती."

"कोण काका?"

"सगळी. सातातली पाच."

"इंजेक्शन लागलंय," सिस्टर समजुतीने म्हणाली. "बोलू दे त्यांना. कालच्या आजोबांना उंट दिसत होते."

"मला काही दिसत नाहीये," काका रडवेले झाले. "डॉक्टर, ते पेपर मी स्टुलावर उभं राहून काढले. चार मिनिटांत. एकही उघडून बघितला नाही. माणसांचा फिल्टर लावायचा राहिला. तुमचे चाळीस पेशंट आणि एकेचाळिसावा मी, आम्ही सगळे डुकरांच्या हिशेबाने आहोत. त्यांना बोलवून घ्या. माझं काय व्हायचं ते होऊ दे."

एवढं बोलून काकांनी डोळे मिटले. आयुष्यात इतकं खरं ते कधी बोलले नव्हते. सर्जनसाहेबांनी आपलं मनगट हळूच सोडवून घेतलं. मग वाकून, सिस्टरला ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाले, "काका, तुम्ही उगाच जिवाला घोर लावून घेतलात. मी ते पेपर उघडलेच नव्हते."

काकांनी डोळे उघडले. "म्हणजे?"

"चिकटवायचं मी माझ्या सरांकडे शिकलो. ते वर्षानुवर्षं करतात, माणसांवरच. इथे नवीन पद्धत सुरू करायची तर समितीला अर्जासोबत संदर्भ जोडावे लागतात. मी तुमची ईमेल तशीच जोडली."

"मग समितीने तरी..."

"समिती तळाचं वाक्य बघते. 'संपूर्ण शोध घेतला आहे.' त्यावर शिक्का मारते."

काकांच्या जिवात जीव आला. चाळीस जण सुखरूप होते, स्वतःचं पोट सुखरूप होतं. डोक्यात औषध चढत होतं, स्ट्रेचर हलायला लागलं होतं. दारापाशी त्यांच्या मनात एक प्रश्न आला, तो नसता विचारला तर बरं झालं असतं.

"आणि त्याआधीचे, डॉक्टर? बारा वर्षांचे? पहिले तर मी दोन-दोन दिवस बसून काढलेत. पित्ताशयाचा एक होता, एकशे चाळीस लेखांचा..."

"वेळ कुठे असतो काका," सर्जनसाहेब मायेने म्हणाले. "पण यादी असली की बरं वाटतं. पेशंटला सांगता येतं."

ऑपरेशन उत्तम झालं. तिसऱ्या दिवशी काका घरी आले आणि छताकडे बघत पडून राहिले. बायको विचारी, दुखतंय का. ते म्हणत, दुखतंय. ती विचारी, कुठे. यावर ते भिंतीकडे तोंड करत.

आठवड्याने सर्जनसाहेबांचा मेसेज आला. पित्ताशयावरचे नवे पेपर हवे होते, सवडीने चालेल. काका पलंगावर उठून बसले. बायकोने पाठीशी उशी दिली. या वेळी त्यांनी काही सोडलं नाही. फक्त माणसं. प्रत्येक नाव तीन ठिपक्यांच्या पुढपर्यंत उघडलं. कुलूपवाले लेख ग्रंथालयातून मागवून घेतले, प्रत्येक लेख वाचला, कुणाचा निष्कर्ष कुठे कच्चा ते चार-चार ओळींत लिहिलं. तळाचं आपोआप येणारं वाक्य खोडलं आणि तेच वाक्य पुन्हा स्वतःच्या अंगठ्याने टाइप केलं. चार दिवस लागले. एकूण त्रेपन्न पानं झाली. दुपारी बारा वाजून दहा मिनिटांनी त्यांनी ती पाठवली आणि मोबाईल हातातच धरून बसले.

बारा वाजून दहा मिनिटांनीच उत्तर आलं. काकांना चष्मा सापडेना, म्हणून बायकोने मोबाईल घेऊन मोठ्याने वाचलं: "सगळं वाचलं काका. शब्दन् शब्द. फार उपयोगी."

"बघा," बायको म्हणाली, आणि तिची ती नजर पुन्हा आली. "किती मानतात तुम्हाला. थांबा, ताईला कळवते."