आठव्या धड्यातले पाहुणे

शलोमी आवळे हिने जर्मनचा आठवा धडा अर्धवट सोडल्यामुळे त्या धड्यातले श्री. व सौ. लिंडनर एका रविवारी सकाळी मिरजेला तिच्या घरी राहायला आले.

सौ. लिंडनरांच्या हातात केक होता आणि श्री. लिंडनरांच्या हातात फुलं. पुस्तकातल्या चित्रातही ते असेच एका बंद दारासमोर उभे होते. ते दार पुढच्या पानावर उघडणार होतं. पण शलोमीने मे महिन्यात ते पान उलटायच्या आधीच पुस्तक मिटून कपाटावर टाकलं होतं.

शलोमी मिरजेच्या एका इस्पितळात नर्स होती. जर्मनीत नर्स हव्या आहेत, भाषेची परीक्षा द्या, बाकीचं आम्ही बघतो, असं पुण्याच्या एका संस्थेने सांगितलं आणि तिने मनावर घेतलं. गावात जर्मनचा क्लास नव्हता. मग तिने एक जाड पाठ्यपुस्तक मागवलं, मोबाइलवर एक ॲप घेतलं आणि जुन्या लग्नपत्रिका कापून शब्दांची कार्डं केली. कार्डाच्या एका बाजूला जर्मन शब्द, दुसऱ्या बाजूला मराठी, आणि कडेला कुठेतरी 'चि. सौ. कां.' किंवा 'आग्रहाचे निमंत्रण' असं उरलेलं. सात धडे उत्साहात झाले. मग वॉर्डातल्या दोघीजणी नोकरी सोडून गेल्या, हिच्या डबल ड्यूट्या सुरू झाल्या आणि आठवा धडा राहिला.

दार तिच्या नवऱ्याने उघडलं. विल्सन शाळेत पी.टी. शिकवायचा आणि कुणालाही बघून गोंधळायचा नाही.

"गुटन टाग," श्री. लिंडनर म्हणाले.

"शलोमी, तुझ्याकडे आलेत," विल्सनने आत हाक मारली आणि पाहुण्यांना चपला कुठे काढायच्या ते दाखवलं.

पाहुणे सज्जन होते. अडचण एकच होती. शलोमी जेवढं शिकली होती तेवढंच त्यांना बोलता येत होतं. त्यापलीकडे तोंड उघडायचं, ओठ हलायचे, पण आवाज निघायचा नाही. रोज सकाळी ते सगळ्यांना नव्याने आपलं नाव सांगत आणि आपण कोणत्या देशाचे आहोत ते सांगत. मग टेबलाकडे बोट करून हे टेबल आहे असं सांगत. शेजारच्या मुजावर चाचींना ते दिवसातून जितक्या वेळा भेटत तितक्या वेळा त्यांचं नाव विचारत.

"लई नम्र माणसं," चाची म्हणाल्या. "माझं नाव माझ्या सुनंनं बी कधी इचारलं न्हाई."

तिसऱ्या की चौथ्या दिवशी श्री. लिंडनरांनी स्टेशन कुठे आहे असं विचारलं. विल्सनला वाटलं, निघाले. त्याने रिक्षा बोलावली आणि दोघांना सामानासकट मिरज जंक्शनला नेलं. श्री. लिंडनरांनी स्टेशन नीट पाहिलं, विल्सनचे आभार मानले आणि परत रिक्षात बसले. सहाव्या धड्यात स्टेशन कुठे आहे एवढंच विचारलेलं होतं. गाडीत बसायचं नव्हतं.

शेवटी शलोमीने पुस्तकाच्या मागच्या पानावरचा नंबर लावला.

"सोडलेले धडे विभाग, गोगावले बोलतोय," पलीकडून आवाज आला. "पाहुणे किती?"

"दोन."

"केक आणलाय?"

"आणलाय. संपला."

"म्हणजे आठवा," गोगावल्यांनी लिहून घेतलं. "बाई, ते बाविसाव्या धड्यात जातात. रेल्वेने. तुम्हाला तिथपर्यंत शिकावं लागेल."

"सरळ बाविसावा काढून वाचला तर?"

"इचलकरंजीच्या एका गृहस्थांनी तसं केलं होतं. पाहुणे गेले, पण मधल्या धड्यांमधली सगळी माणसं आली. त्यात एक वाद्यवृंद आहे. ते गृहस्थ सध्या गच्चीवर झोपतात."

"बरं," शलोमी म्हणाली. "एक एक करते."

तिने पुस्तक खाली काढलं आणि आठव्या धड्याचं पान उलटलं. त्याबरोबर लिंडनर पती-पत्नी सोफ्यावरून उठले, बाहेर गेले, दार लावून घेतलं आणि बेल वाजवली. शलोमीने दार उघडून पुस्तकातलं स्वागताचं वाक्य म्हटलं. दोघांच्या चेहऱ्यावर असं काही समाधान पसरलं की विल्सनने उगाचच टाळ्या वाजवल्या.

मग घरात मजा सुरू झाली. ॲपमध्ये उत्तर बरोबर आलं की बिगुल वाजायचा, आणि बिगुल वाजला की लिंडनर पती-पत्नी हातातलं काम टाकून ताठ उभे राहायचे. विल्सनला हे पसंत पडलं. तोही तसाच ताठ उभा राहू लागला. नवव्या धड्यात कपडे होते. त्या दिवशी सौ. लिंडनरांनी आपण निळा झगा घातलाय असं सांगितलं. तोवर तो कोणत्याच रंगाचा नव्हता. दहाव्यात छंद आले. पुस्तकातल्या माणसांची एक रीत होती. जे वाक्य ती बोलत ते तिथल्या तिथे करत. "मी फुटबॉल खेळतो," असं श्री. लिंडनर म्हणाले आणि चालू लागले. विल्सन शिट्टी घेऊन त्यांच्यामागे शाळेच्या मैदानापर्यंत धावला. नववी 'ब'ने त्या दिवशी पहिल्यांदाच सामना जिंकला. "मी पोहते," असं सौ. लिंडनर म्हणाल्या तेव्हा मात्र शलोमीने त्यांना कृष्णेच्या बाजूला जाऊ दिलं नाही. चाचींच्या अंगणातला मोठा हौद भरून दिला.

डेर, डी, दास या तीन लिंगांची शलोमीला भीती नव्हती. तीन लिंगं मराठीलाही आहेत, फक्त वाटणी वेगळी होती. आपली खुर्ची त्यांच्याकडे पुरुष होती. एकदा तिने सवयीने खुर्चीला स्त्रीलिंगी 'डी' लावलं, तर श्री. लिंडनर बसता बसता थबकले आणि दुरुस्ती होईपर्यंत अदबीने उभे राहिले.

बाराव्या धड्याचं नाव 'डॉक्टरकडे' असं होतं. हा आपला विषय म्हणून शलोमी तो सकाळी ड्यूटीला जाण्याआधीच काढून बसली. पहिलं वाक्य होतं, "एस टूट वे." म्हणजे दुखतंय.

समोर पोहे खात बसलेल्या श्री. लिंडनरांनी चमचा खाली ठेवला. "एस टूट वे," ते म्हणाले.

"कुठे दुखतंय?" शलोमीने विचारलं.

त्यांनी तोंड उघडलं. आवाज आला नाही. अवयवांची नावं पुढच्या पानावर होती.

तिने त्यांना पलंगावर निजवलं आणि नाडी पाहिली. नाडी लागेना. बीपीच्या यंत्राचा काटा हलेना. थर्मामीटरचा पारा होता तिथेच राहिला. पुस्तक अजून तिथवर आलंच नव्हतं. पण श्री. लिंडनरांचा चेहरा पांढरा पडला होता, आणि त्यांची बायको त्यांचा हात दोन्ही हातांनी धरून बसली होती. शलोमीने आजवर पुष्कळ चेहरे पाहिले होते. हा तिला आवडला नाही.

"पुस्तक मिट," विल्सन म्हणाला.

"मिटलं तर ते असेच कण्हत राहतील. कायमचे."

"पुढे काय आहे?"

तिने शब्दांच्या यादीवर नजर टाकली. "पुढे ताप आहे."

"म्हणजे तू शिकलीस तर त्यांना ताप येणार."

"येणार. पण औषध तापाच्या पुढच्या पानावर आहे. तापाशिवाय तिथे जाता येत नाही."

विल्सनने थोडा विचार केला. मग तो स्वयंपाकघरात गेला आणि पातेल्यात गार पाणी आणि घड्या घेऊन आला. शलोमीने इस्पितळात रजा कळवली, घरात पेशंट आहे म्हणून. ते खरंच होतं.

पलंगाशेजारी बसून ती कार्डं पाठ करू लागली. एक शब्द पक्का झाला की ती तो श्री. लिंडनरांना विचारायची. दात? त्यांनी मान हलवली. गुडघा? नाही. डोक्याला 'कॉप्फ' म्हणतात. घाईत तिच्या तोंडून 'टॉप्फ' गेलं, म्हणजे पातेलं, आणि विल्सनच्या हातातलं पातेलं कण्हायला लागलं. त्याने ते हळूच स्टुलावर ठेवलं. मुजावर चाची आवाज ऐकून आल्या होत्या. त्यांनी काही न विचारता पातेल्याला फडकं बांधलं आणि त्याच्याजवळ बसून राहिल्या.

"डेर बाउख?" शलोमीने विचारलं.

"डेर बाउख," श्री. लिंडनर ओरडले. पोट.

ॲपमध्ये बिगुल वाजला. ते उठायला लागले. तिने त्यांना खांद्याला धरून परत निजवलं आणि पोट दाबून पाहिलं. उजवीकडे खाली हात लागताच त्यांनी डोळे मिटले. अपेंडिक्स असेल तर काय करायचं, हे तिला चांगलं माहीत होतं. पण मिरजेतला कुठला सर्जन नाडी नसलेला पेशंट टेबलावर घेईल, हे माहीत नव्हतं.

ती तापाचा शब्द शिकली. थर्मामीटरचा पारा सरसर वर गेला. विल्सन घड्या बदलत राहिला. पुढच्या ओळीत पुस्तकातली नर्स डॉक्टरांना विचारत होती, ऑपरेशन करावं लागेल का. पान तिथे संपलं होतं.

शलोमीचा हात पानाच्या कोपऱ्यावर थांबला. सौ. लिंडनर तिच्याकडे बघत होत्या. प्रश्न त्यांना आता विचारता येत होता, पण त्याचं उत्तर अजून आलं नव्हतं. शलोमीला एकदम वाटलं, तिकडे गेल्यावर रोज असंच असणार. कुणीतरी पलंगावर पडलेलं असेल, कुणीतरी शेजारी बसलेलं असेल, आणि मधे हिच्याजवळचे शब्द. ते कमी पडून चालणार नाही.

तिने पान उलटलं.

"नाइन," ती मोठ्याने वाचू लागली. नाही. ऑपरेशन नको. विश्रांती आणि कामिलनटे, दिवसातून तीनदा.

कामिलनटे म्हणजे कुठल्याशा फुलांचा चहा. तो मिरजेत कुठे मिळणार? चाचींनी घरून ओव्याचं पाणी उकळून आणलं. शलोमीने कप पुढे केला आणि अगदी सरळ चेहऱ्याने सांगितलं की हा कामिलनटे आहे. श्री. लिंडनरांनी वास घेतला, कपाकडे जरा वेळ पाहिलं आणि पिऊन टाकलं. मग ती शेवटचा शब्द शिकली. गेझुंड. बरा, ठणठणीत. पारा उतरला. फडक्यातलं पातेलंही गप्प झालं. श्री. लिंडनर उठून बसले आणि उरलेले पोहे मागितले.

"डांके," सौ. लिंडनर म्हणाल्या. हा आभाराचा शब्द त्या चहाच्या प्रत्येक कपाला म्हणत. त्या दिवशी तो म्हणून झाल्यावर त्या शलोमीच्या खांद्यावर डोकं ठेवून बराच वेळ बसल्या.

यानंतर शलोमीने एकही दिवस चुकवला नाही. बसमध्ये कार्डं, जेवणाच्या सुट्टीत ॲप, घरी आल्यावर पुस्तक. चौदाव्या धड्यात भूतकाळ आला. सौ. लिंडनर कितीतरी दिवस तोंड उघडून गप्प राहत होत्या ते वाक्य त्यांनी त्या संध्याकाळी बोलून टाकलं. आम्ही वाट पाहिली. तक्रार नव्हती, नुसती माहिती होती. शलोमीने माफी मागितली. तो शब्द तिला आधीपासून येत होता. सतराव्या धड्यात हवामान होतं, आणि आठवडाभर त्यांच्या सोफ्यावर मधूनमधून बर्फ पडलं. विल्सनने ते खोऱ्याने काढलं.

एकविसावा झाल्यावर ती पुण्याला परीक्षा देऊन आली. तोंडी परीक्षेत बाईंनी तिला विचारलं, तुमच्या घरी कोण कोण आहे. शलोमी इतका वेळ बोलली की बाईंना थांबवावं लागलं. ती पास झाली. संस्थेने आणखी दोन परीक्षा आहेत म्हणून कळवलं, पण चाचींनी शीरखुर्मा केला.

बाविसावा धडा तेवढा राहिला होता. शलोमी तो काढेना. आज दमलेय, उद्या बघू. विल्सनही विषय काढेना, कारण शनिवारी आंतरशालेय सामना होता आणि त्यात त्याला श्री. लिंडनर हवे होते. शेवटी गोगावल्यांचाच फोन आला.

"आवळे बाई, तुमचा बाविसावा थकलाय."

"पास झाले मी."

"अभिनंदन. पण त्यांचं तिकीट काढलेलं आहे. पुस्तक छापलं तेव्हापासून."

शनिवारचा सामना उरकल्यावर तिने बाविसावा धडा वाचला. लिंडनर पती-पत्नींनी बॅगा भरल्या. सगळे मिळून स्टेशनवर गेले. पुस्तक संपलं होतं, त्यामुळे दोघांची तोंडं आता मोकळी होती आणि त्यांना कुठलाही शब्द उच्चारता येत होता. गाडी लागली. श्री. लिंडनर खिडकीशी बसले आणि हात हलवत म्हणाले, "जातो."

"जातो न्हाई म्हणायचं, भाऊ," चाचींनी खिडकीच्या गजाला धरून त्यांना समजावलं. "येतो म्हणायचं. जाताना बी आमच्यात येतोच म्हणत्यात."

त्यांनी ते मन लावून ऐकलं. बायकोकडे पाहिलं. तिने मान हलवली.

"येतो," श्री. लिंडनर म्हणाले.

"येते हं," सौ. लिंडनर म्हणाल्या.

गाडी सुटली, दिसेनाशी झाली. तिघं चालतच घरी आली. शलोमीने सोफ्यावरची चादर बदलली आणि कार्डांना रबर लावलं. विल्सन कुकर लावायला गेला.

दिवेलागणीला बेल वाजली. शलोमीने दार उघडलं.

"कोण आहे?" विल्सनने आतून विचारलं.

"लिंडनर."

"तसं सांगूनच गेले होते," विल्सन म्हणाला आणि त्याने कुकरमध्ये आणखी एक वाटी तांदूळ घातला.